दोन सुताचा पाना

जुन्या बुलेटच्या काही नटांना तेराचा पाना बसत नाही. चौदाचा बसतो, पण फिरवताना घसरतो. जोर लावला की नटाचे कोपरे झिजतात, पुढच्या वेळी पाना आणखी घसरतो आणि काही वर्षांनी त्या सहा कोनी नटाची गोल गोटी होते. मग एकच इलाज उरतो, छिन्नी आणि हातोडी. जुनी गाडी घरी उघडायला बसलेल्या प्रत्येकाला हा नट कधी ना कधी भेटतोच.

त्या नटाची रुंदी मोजली तर ती १३.३४ मिलिमीटर भरते. असं विचित्र माप कोण ठेवेल? उत्तर असं की हे माप मिलिमीटरमध्ये कोणी ठेवलेलंच नाही. तो नट आहे पाव इंची व्हिटवर्थ. त्याच्या पान्यावर १/४ असा आकडा कोरलेला असतो, पण पाना काही पाव इंच रुंद नसतो. पाव इंच हा नटाच्या आत जाणाऱ्या बोल्टचा व्यास. आपल्या मेट्रिक पान्यावरचा आकडा नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर सांगतो, आणि या जुन्या पान्यावरचा आकडा बोल्टची जाडी सांगतो. आकड्याचा अर्थच वेगळा.

जुने मिस्त्री या पान्याला ‘दोन सुताचा’ म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच. बांधकामावर आजही दहा मिलिमीटरच्या सळईला तीन सूत आणि बारा मिलिमीटरच्या सळईला चार सूत म्हणतात. शाळेत आपण सेंटिमीटर शिकलो, पण सुतार, गवंडी आणि फिटर यांच्या तोंडची भाषा अजून इंचाचीच आहे. घरच्या घरी मोटरसायकल दुरुस्त करणं या विषयावर बरंच लिहिलं जातं, ते बहुतेक हौसेबद्दल असतं. मला इथे त्या पान्याबद्दल लिहायचं आहे. तो बुलेटपर्यंत कसा पोचला हे पाहिलं, की यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क नेमका कशावर टिकतो हे समजायला मदत होते.

मँचेस्टरचा स्क्रू

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडत असे. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्या कारखान्याच्या नटात जाईलच याची खात्री नव्हती. यंत्र बिघडलं की ते बनवणाऱ्याच्याच दारात जावं लागे. मँचेस्टरचा यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ याने वेगवेगळ्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची मापं घेतली, सरासरी काढली आणि १८४१ साली इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एक प्रस्ताव मांडला. आट्याचा कोन सर्वत्र ५५ अंश असावा आणि प्रत्येक व्यासाला दर इंचामागे किती आटे असावेत ते ठरलेलं असावं. पाव इंची बोल्टला इंचामागे २० आटे.

माझ्या पेशात याला आपण ओपन स्टँडर्ड म्हणू. त्याने तक्ता गुप्त ठेवला नाही, तो सगळ्यांपुढे मांडला. ज्याच्याकडे लेथ आहे त्याने तक्ता बघावा आणि आटे पाडावेत. रेल्वे कंपन्यांनी हे माप उचललं आणि रेल्वेबरोबर ते जगभर गेलं. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्यामागोमाग इंग्लंडहून इंजिनं आली, कापडगिरण्यांची यंत्रं आली, आणि त्यांच्याबरोबर ५५ अंशांचे आटेही आले. परळच्या वर्कशॉपातला फिटर इंग्रजी वाचो न वाचो, त्याला हा तक्ता हाताने पाठ होता.

तो तक्ता अजून आपल्या घरात आहे. आपण ज्याला अर्धा इंची नळ म्हणतो, त्याचे आटे आजही व्हिटवर्थच्याच ५५ अंशांचे असतात. गंमत म्हणजे त्या अर्धा इंची पाइपचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मिलिमीटर असतो, म्हणजे अर्ध्या इंचाचा त्याच्याशी थेट संबंध उरलेला नाही. नाव तेवढं राहिलं आहे. मोबाईल ज्या ट्रायपॉडवर लावता त्याचा स्क्रूही पाव इंची, इंचामागे २० आट्यांचा. कोन आता बदलला आहे, पण व्यास आणि आट्यांची संख्या व्हिटवर्थच्या तक्त्यातलीच. एवढी वर्षं एखादं माप टिकतं, कारण ते कोणाच्या मालकीचं नसतं.

दोन कोन आणि एक महायुद्ध

अमेरिकेने मात्र वेगळी वाट धरली. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स याने १८६४ साली ६० अंशांचा आटा सुचवला. पाडायला सोपा, मोजायला सोपा. पाच अंशांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचं सैन्य एकाच बाजूने लढू लागलं, तेव्हा एकाचे सुटे भाग दुसऱ्याला चालत नाहीत हे फार महागात पडलं. युद्ध संपल्यावर नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या सामायिक आट्यावर सह्या केल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनच्या प्रदर्शनात रॉयल एनफिल्डची नवी बुलेट लोकांपुढे आली. रॉयल एनफिल्ड ही रेडिच गावातली कंपनी. हे गाव सुयांसाठी प्रसिद्ध. कंपनीचं मूळही सुयांच्या कारखान्यात, मग सायकली, मग १९०१ साली पहिली मोटरसायकल. बुलेट हे नाव १९३२ पासूनचं. १९४८ च्या गाडीत मागच्या चाकाला झुलता दांडा आणि शॉक अॅब्सॉर्बर होते, त्या काळात ही मोठी गोष्ट. इंजिन ३४६ सीसीचं, सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. धाव लांब असल्यामुळे इंजिन सावकाश फिरतं आणि कमी वेगातही ओढतं. बुलेटचा तो ‘धक् धक्’ आवाज या भूमितीतून येतो.

या गाडीच्या अंगावर आट्यांचा इतिहासच आहे. सायकलीच्या धंद्यातून आलेल्या कंपन्या सायकलीचे बारीक आटे वापरत, इंचामागे २६. अॅल्युमिनिअमसारख्या मऊ धातूत जाड आटे लागतात, तिथे व्हिटवर्थ. इतर ठिकाणी त्याचाच बारीक अवतार, बीएसएफ. जग सामायिक आट्याकडे निघालं होतं आणि बुलेट जुने आटे घेऊन बाजारात उतरत होती.

मद्रासला आली आणि थांबली

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट निवडली. १९५५ साली रेडिचच्या कंपनीने मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया स्थापन केली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. आधी इंग्लंडहून आलेले भाग जोडले जात. मग रेडिचची यंत्रसामग्री आली आणि हळूहळू सगळी गाडी इथेच बनू लागली.

आता तारखा बघा. १९५६ साली आपल्या संसदेने वजनमापांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. ऑक्टोबर १९५८ पासून शेर-मणाच्या जागी किलो येऊ लागला. देश मेट्रिक होत होता, आणि नेमक्या त्याच वर्षांत तिरुवोट्टियूरमध्ये इंचांत काढलेल्या ड्रॉइंगवरून एक मोटरसायकल बनायला लागली होती.

ती पुढे जवळजवळ तशीच राहिली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला आणि १९७० पर्यंत मूळ ब्रिटिश कंपनीच संपली. म्हणजे ड्रॉइंग सुधारून पाठवणारं कोणी उरलं नाही. इकडे परवान्यांचं राज्य होतं. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, आयात अवघड, आणि बाजारात स्पर्धा म्हणजे राजदूत आणि जावा-येझदी. नवं इंजिन काढायला ना पैसा ना घाई. मधल्या काळात काही नट मेट्रिक झाले, काही तसेच राहिले. म्हणूनच ऐंशीच्या दशकातल्या बुलेटसाठी पान्यांचे दोन संच लागतात.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. मूळ टीम निघून गेली आहे, कोड चालतोय, हात लावायची कोणाची हिंमत नाही. आपण त्याला लेगसी म्हणतो आणि नाक मुरडतो. पण या थांबलेपणाचा एक परिणाम कोणी योजला नव्हता. चाळीस वर्षं गाडी बदलली नाही, म्हणून तिचं ज्ञान शिळं झालं नाही. १९६० साली शिकलेला मिस्त्री १९९० साली तेच इंजिन उघडत होता. पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग मिळत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बुश बनवून मिळे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपासून शंभर मैलांवरच्या गावातही बुलेट चालत राहिली, ती यामुळे.

आणि १९७७ साली एक उलटी गोष्ट घडली. मद्रासची बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. ब्रिटनने स्वतः १९६५ पासून मेट्रिककडे वाटचाल सुरू केली होती. त्यांच्याच आट्यांचे नट आता त्यांना भारतातून मिळत होते.

टॅपेट बसवताना

माझ्याकडे मामाची १९८६ ची बुलेट आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, माझ्या ठरलेल्या जागेत, मी तिचं काम करतो. सगळ्यात जास्त वेळा करायचं काम म्हणजे टॅपेट.

इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा एक व्हॉल्व्ह आणि धूर बाहेर सोडणारा एक. त्यांना उघडण्यासाठी खालून दोन लांब दांडे वर-खाली होतात, त्यांना पुशरॉड म्हणतात. धातू झिजतो तशी त्यांत फट पडते आणि ‘टिक टिक’ आवाज येतो. काम इंजिन पूर्ण गार असताना करायचं. प्लग काढायचा, पिस्टन वर येईल आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा जागी इंजिन आणायचं. सिलिंडरच्या उजव्या अंगाला एक छोटं झाकण असतं, एकाच नटावर. ते काढलं की दोन्ही पुशरॉडचे पाय दिसतात. एका पान्याने खालचा भाग धरायचा, दुसऱ्याने वरचा फिरवायचा, आणि माप जमलं की तिसऱ्याने मधला नट आवळायचा. हात दोनच असतात, म्हणून पहिल्यांदा हे अशक्य वाटतं.

माप किती? बऱ्याच गाड्यांत इथे फीलर गेज घालून फट मोजतात. या बुलेटला लागत नाही. दांडा दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली अजिबात हलता कामा नये. बस्स. दुरुस्तीचं माप माणसाच्या चिमटीत ठेवलेलं आहे.

कॉन्टॅक्ट पॉइंटचं मात्र गेजने मोजतात, साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. मिस्त्री त्याला चौदा-सोळा थाऊ म्हणतात, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. किक मारायचीही पद्धत आहे. हेडलाइटच्या वर अँमीटर असतो. किक हळूहळू दाबत गेलं की काटा मधोमध येतो, म्हणजे पॉइंट उघडले आणि पिस्टन वर आला. मग डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा आणि मग किक. गाडी आपल्या पोटातली अवस्था एका काट्याने बाहेर दाखवते. याला मी आजवर पाहिलेला सगळ्यात प्रामाणिक डॅशबोर्ड म्हणेन.

मला हे शिकवलं नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. त्यांचे इंची पाने वेगळ्या फडक्यात बांधलेले असतात. मेट्रिक पाने पोरं वापरतात, हे फडकं ते स्वतः सोडतात.

“काका, हे पाने पुढे कोणाला देणार?” मी एकदा विचारलं.

“देणार कुणाला? पोरं म्हणतात, नवीन गाड्यांत याचं काय काम. बरोबरच आहे त्यांचं.” मग थोडं थांबून म्हणाले, “तुला पाहिजे तर घे. पण आधी हाताला सवय कर. डोळ्याने पाना निवडशील तर नट खाशील.”

धुराची बाजू

इथवर वाचून हा लेख जुनं ते सोनं या वळणाने चालला आहे असं वाटलं असेल, तर दिल्लीची एक गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या हार्ले डेव्हिडसन मोटरसायकली भंगारात निघाल्या. दिल्लीतल्या कारागिरांनी त्यांना मागे डबा जोडला, माणसं बसवली आणि चांदनी चौकाच्या बाजूला फटफट सेवा सुरू झाली. मोटरसायकलला आपण मराठीतही फटफटीच म्हणायचो, आवाजावरूनच. मूळ इंजिनं झिजली तशी त्यांच्या जागी डिझेल इंजिनं बसली. युद्धासाठी बनलेली क्रूझर गाडी पन्नास वर्षं रिक्षा म्हणून जगली, कारण ती उघडता येत होती, बदलता येत होती. आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती बंद झाली, कारण तिच्या धुराने दिल्लीचा श्वास कोंडत होता.

बुलेटचंही तसंच. ती दुरुस्त करता येत होती हे खरं, आणि तिला सतत दुरुस्त करावं लागत होतं हेही खरं. ती तेल गाळायची. किक उलटली तर पाय सुजायचा. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, तेव्हा लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, कारण दर रविवारी पाना हातात घ्यायची सगळ्यांची इच्छा नसते आणि सगळ्यांना तेवढी सवडही नसते. घरी गाडी उघडणं ही मला हौस आहे. कामावर वेळेत पोचायचं असलेल्या माणसाला ती शिक्षा होती.

आयशर समूहाने नव्वदच्या दशकात कंपनी ताब्यात घेतली आणि हळूहळू गाडी बदलली. २००८-०९ मध्ये नवं इंजिन आलं. त्यात टॅपेट हायड्रॉलिक होते, म्हणजे फट आपोआप भरून निघते. ते छोटं झाकण आणि ती दोन बोटांची चिमूट, दोन्ही इतिहासजमा. २०१० च्या आसपास जुनं कास्ट आयर्न इंजिन बनायचं थांबलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन, सेन्सर आणि एक छोटा कॉम्प्युटर आला. धूर कमी झाला, गाडी एका बटणावर सुरू होऊ लागली. यातलं काहीही वाईट नाही.

नवं कुलूप

प्रश्न पुढे येतो. माझी रोजची गाडी दुसऱ्या कंपनीची आहे, दोन वर्षांपूर्वीची. एकदा तिचा पिवळा दिवा लागला. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने पाहिलं आणि हात झटकले. “दिवा का लागला ते वाचायचं मशीन कंपनीकडे असतं. आम्हाला देत नाहीत.” गाडीला स्वतःचा बिघाड माहीत होता. तो फक्त मालकाला सांगायचा नव्हता.

ही तक्रार एकट्या माझी नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळत नाहीत, हा त्यातला मुख्य मुद्दा. वाद पुढे अपिलात गेला. २०२२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हार्ले डेव्हिडसनवर कारवाई केली, कारण बाहेरचे सुटे भाग वापरले तर वॉरंटी जाईल अशा अटी कंपनीने घातल्या होत्या. त्याच वर्षी जुलैत आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं तिने धरली. डिसेंबरात त्याचं पोर्टलही सुरू झालं.

तेराचा पाना जुन्या नटाला बसत नव्हता तेव्हा तीही एक अडवणूकच होती. पण ती इतिहासाच्या अपघातातून झाली होती. कोणी ठरवून ती घातली नव्हती, आणि तिचं उत्तर बाजारात विकत मिळत होतं. तक्ता छापलेला होता, पाना कोणीही बनवू शकत होतं. गाडीतल्या कॉम्प्युटरचा कोड बंद ठेवणं हा कोणीतरी घेतलेला निर्णय आहे. इथे पाना बनवायला कारागीर कमी पडत नाहीत, माप सांगायलाच नकार आहे. १८४१ च्या आधीचे कारखाने हेच करत होते, फरक इतकाच की त्यांच्याकडे सामायिक माप नव्हतं आणि आपल्याकडे ते सहज असू शकतं.

यावर उत्तर येतं की सामान्य माणसाने इंजेक्शनच्या गाडीत हात घालणं धोक्याचं आहे. मी रोज कोड लिहितो, त्यामुळे हे पूर्ण उडवून लावणार नाही. ब्रेकच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीही उठून बदल करू नये. पण दिवा का लागला हे वाचता येणं आणि सॉफ्टवेअर बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँमीटरचा काटा सगळ्यांना दिसत होता म्हणून कोणी इंजिन बिघडवलं नाही. उलट किक उलटायची थांबली.

कंपन्या बंद पडतात. रेडिच बंद पडलं तरी बुलेट चालली, कारण तिला उघडण्यासाठी रेडिचची परवानगी लागत नव्हती. आज विकल्या जाणाऱ्या गाडीचा सर्व्हर चाळीस वर्षांनी बंद असेल, तेव्हा तिच्या पोटातला बिघाड कोण वाचणार? तुम्ही नवी गाडी घ्यायला जाल तेव्हा मायलेज आणि हप्ता तर विचारालच. त्याबरोबर एवढंही विचारा की हिचं वर्कशॉप मॅन्युअल विकत मिळतं का, आणि हिच्या बिघाडाचे कोड माझ्या कोपऱ्यावरच्या गॅरेजला वाचता येतात का. सेल्समनला उत्तर माहीत नसेल. पण हा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर तो वरपर्यंत जाईल. व्हिटवर्थच्या तक्त्यालाही कारखान्याकारखान्यांत रुळायला काही दशकं लागली होती.